कॉफी करणे हे शास्त्र आहे काय?

डबा तोच, भांडे तेच, शेगडीही तीच. तरी काल आईने केलेली कॉफी सुरेख लागली आणि आज तुम्ही केलेली कडू झाली! "हाताला चव असावी लागते," असे आजी म्हणते आणि विषय तेथेच संपतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र तो तेथे संपवू नये. दोन्ही वेळी नेमके काय वेगळे घडले, हे शोधता येईल काय?

कॉफी करणे म्हणजे भाजून दळलेल्या बियांतील विद्राव्य पदार्थ गरम पाण्यात उतरविणे. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण तो सगळा पेल्यात उतरणे इष्ट नसते. आंबट चवीचे पदार्थ लवकर विरघळतात, तर कडू व तुरट पदार्थ मागाहून. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. पुडीचा १८ ते २२ टक्के भाग उतरला तर कॉफी चांगली, हा मापदंड तेव्हापासून रूढ झाला. त्याहून कमी उतरला तर ती आंबूस लागते, अधिक उतरला तर कडवट.

किती भाग उतरेल, हे मुख्यतः दळण, तापमान आणि वेळ यांवर अवलंबून असते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. म्हणूनच बारीक पूड लवकर उतरते. पाणी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे, असे मानतात. सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तेथे उकळते पाणी तसेच ओतले तरी चालेल!

आता प्रयोग करून पाहा. चिकोरी न मिसळलेली कॉफीची पूड घ्या, कारण चिकोरीचा बराच मोठा भाग पाण्यात विरघळतो. तीन सारख्या भांड्यांत प्रत्येकी १० ग्रॅम पूड घाला. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली प्रत्येकात १५० मिलिलिटर गरम पाणी ओता. पहिले भांडे १ मिनिटाने, दुसरे ४ मिनिटांनी आणि तिसरे १० मिनिटांनी, आधी वजन करून ठेवलेल्या स्वच्छ कापडातून गाळा. चोथा कापडासकट उन्हात वाळवा. लागोपाठ दोन वेळा वजन सारखे भरले, की तो पुरता वाळला असे समजा. शेजारी १० ग्रॅम कोरडी पूडही वाळत ठेवा. तिच्यापेक्षा चोथ्याचे वजन जितके कमी, तितका भाग पाण्यात उतरला.

चव पाहताना पेल्यांच्या तळाशी आकडे लिहा आणि चाखणाऱ्याला ते कळू देऊ नका. तिन्ही पेले सारखेच कोमट असू द्या. वेळ बदलताना दळण, पाणी व तापमान बदलू नका. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही.

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतील गाळ आवडत नसे. तिने पितळी भांड्याच्या तळाला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतील टीपकागद आत ठेवून कॉफी गाळली. १९०८ मध्ये तिच्या गाळणीची अधिकृत नोंद झाली. तिची प्रयोगशाळा स्वयंपाकघर हीच होती.

कोणाला कोरी कॉफी आवडेल, कोणाला जायफळ घातलेली दुधाची. कोणती श्रेष्ठ, हे तराजू सांगणार नाही. पण आवडलेली कॉफी उद्या पुन्हा तशीच कशी करावी, हे मात्र वही, घड्याळ आणि तराजू नक्की सांगतील. आजीच्या हाताला चव आहे, यात शंका नाही. ती किती चमचे पूड घालते आणि किती वेळ झाकून ठेवते, हे आजच मोजून पाहा!