पाणी निळवंड्याचे, भिस्त वाळूवर

संगमनेरला निळवंडे धरणातून थेट जलवाहिनीने पाणी येते. मग जलशुद्धीकरण केंद्रावर, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘फिल्टर’वर, पुन्हा खर्च कशाला? हा पहिला समज.

धरणात जड गाळ बसतो हे खरे, पण बारीक चिकणमाती बसत नाही. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस कोसळला की धरण ज्या नदीवर आहे त्या प्रवरेचे पाणी एका रात्रीत बदलते. तुरटी किंवा पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड) हा भार मोडते, तेव्हा कुठे कण गोळा होऊन खाली बसतात. किती तुरटी लागेल हे जार टेस्ट करून ठरवायचे असते. कालचा डोस आज चालेलच असे नाही.

दुसरा समज जास्त घातक: क्लोरीन वाढवला की झाले! अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तिथे शुद्धीकरण केंद्र होते, पाण्यात क्लोरीनही होता. पण गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गढूळता वाढली आणि तिच्यासोबत क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी घरोघरी गेला. क्लोरीनला तो दाद देत नाही. त्याला गाळणीच्या वाळूतच अडवावे लागते. आपल्याकडे पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गुलेन बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्याच नांदेड गावच्या विहिरीचे पाणी फक्त क्लोरीन टाकून आसपासच्या वस्त्यांना दिले जात असल्याचे समोर आले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळतेची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळता मोजण्याचे एकक) आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत सूट. डोळ्याला मात्र ४ एनटीयूच्या आतले पाणीही स्वच्छच दिसते.

आधुनिकीकरण म्हणजे नवी इमारत, हाही एक समज. फीत कापायला इमारत बरी दिसते. पण जुन्या केंद्राचे दुखणे बहुधा वाळूखाली असते. बॅकवॉशचा, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुण्याचा, जोर कमी पडला की वाळूत चिखलाचे गोळे धरतात, तळाचे नोझल बुजतात आणि पाणी न गाळताच फटीतून वाट काढते. वाळू, नोझल, हवेचा ब्लोअर, व्हॉल्व्ह आणि प्रत्येक गाळणीवर गढूळतामापक, पैसा आधी इथे जायला हवा. त्यासाठी शहराचे पाणी तोडण्याचीही गरज नसते. गाळण्या एकेक करून बंद ठेवता येतात. फक्त हे काम पावसाळ्यात काढू नये.

आणि नळाला येणारा क्लोरीनचा वास? ठराविक वेळेपुरते पाणी सोडणाऱ्या गावात एरवी वाहिन्या रिकाम्या असतात, आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणून शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा लागतो. घरातल्या आरओचा कार्बन नेमका तोच काढून टाकतो. त्यामुळे ते पाणी माठात दिवसेंदिवस साठवू नये.