विहीणबाईंचा मान कशात?

लग्नसराई जवळ आली की गटात कर्जाचे अर्ज वाढतात. अर्जावर कारण लिहिलेलं असतं ‘लग्नखर्च’. त्यात जेवणाचे किती, मांडवाचे किती आणि मानपानाचे किती, असं विचारलं की बाई गप्प होते. या मानपानाबद्दल आज बोलू या. निमित्त आहे ‘टू स्टेट्स’ या हिंदी सिनेमाचं.

हा सिनेमा 2014 साली आला. चेतन भगत यांनी स्वतःच्या लग्नाच्या अनुभवावरून एक कादंबरी लिहिली होती, तिच्यावरून तो काढला आहे. कृश दिल्लीचा पंजाबी मुलगा, अनन्या चेन्नईची तमिळ मुलगी. अहमदाबादला शिकताना दोघांचं जमतं. पळून जाऊन लग्न करायचं नाही, दोन्ही घरांच्या संमतीनंच करायचं, असं ते ठरवतात. आणि इथूनच गंमत सुरू होते.

कृशची आई कविता, म्हणजे अमृता सिंग. बोलायला फटकळ. ‘आम्ही मुलाकडचे’ हा तोरा तिच्या बोलण्यात सतत दिसतो. अनन्याची आई राधा, म्हणजे रेवती. ती मोजकं बोलते, पण नापसंती लपवत नाही. एकीला दुसरीचं खाणं, बोलणं, वागणं काहीच पटत नाही. होणाऱ्या विहिणींची ही जुगलबंदी बघताना आपण खूप हसतो, कारण अशा विहिणी आपण प्रत्येक मांडवात पाहिलेल्या असतात.

पण हसून झाल्यावर कविताच्या घरात जरा डोकावून बघा. तिचा नवरा तापट आहे. तो तिचा अपमान करतो, हातही उगारतो. त्या घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. मग मुलाचं लग्न निघालं की तिला वाटतं, आता तरी कुणी मला मोठं म्हणेल, कुणी माझ्यापुढे वाकेल. घरात न मिळालेला मान ती विहिणीकडून वसूल करू बघते.

मैत्रिणींनो, आपल्याकडे वेगळं काय असतं? सुपारी फुटते, याद्या होतात, त्या बैठकीत बोलतात पुरुष. बाया दाराआड चहाचे कप भरत असतात. देणंघेणं ठरतं ते त्यांना न विचारता. मग लग्नाच्या दिवशी साडी हलकी निघाली, पंगतीत आधी विचारलं नाही, म्हणून वरमाय रुसते. लोक म्हणतात, ‘बायकाच बायकांच्या वैरी.’ पण त्या बाईला रुसण्याखेरीज बोलायला दुसरी जागा ठेवलेली असते का? आणि तिचा रुसवा काढायला मुलीची आई धावते, तेव्हा कर्जाचा आकडा वाढतो. तो फेडते तीच, मजुरी करून.

सिनेमात एक लग्न आहे. कृशच्या नात्यातल्या मुलीचं. वऱ्हाड दारात आल्यावर मुलाकडचे मोठ्या गाडीसाठी अडून बसतात. मोठी माणसं हात जोडायला लागतात. तेव्हा अनन्या पुढे होते आणि थेट नवऱ्या मुलालाच जाब विचारते. तो खाली बघतो आणि लग्न लागतं. जिला कविता नावं ठेवत होती, तीच मुलगी कविताच्या माहेरची लाज राखते. दुसरीकडे कृश राधाला तिचं गाणं लोकांसमोर गाण्याची संधी मिळवून देतो. राधाचं मन वळतं ते या कौतुकानं. त्याला साडी लागत नाही आणि दागिनाही लागत नाही.

आता कायद्याचं थोडं. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा आहे. हुंडा घेणं आणि देणं, दोन्ही गुन्हा. शिक्षा साधारणपणे किमान 5 वर्षं तुरुंगवास आणि किमान 15,000 रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका दंड, यातलं जे जास्त असेल ते. नुसती मागणी करणं हाही गुन्हाच. ‘आम्ही खुशीनं दिलं’ म्हणणाऱ्यांसाठीही नियम आहे. न मागता दिलेल्या भेटींची यादी करायची. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली वधूवरांच्या सह्या घ्यायच्या. मुलीकडच्यांनी दिलेली भेट रीतीला धरून आणि ऐपतीच्या आत असावी लागते. कुणी अडवणूक केली तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

याद्यांच्या आधी तीन गोष्टी करून बघा. एक, बैठकीत दोन्ही आयांना सतरंजीवर जागा द्या, आणि मुलामुलीलाही. दोन, दोन्ही घरचा खर्च एकाच कागदावर लिहा आणि कोण किती उचलणार ते तिथंच ठरवा. तीन, मानपानाचं एकच ठरवा: दोघी विहिणींनी एकमेकींना नारळ आणि फूल द्यायचं, दोघींनी एकाच पंगतीत बसायचं. वरमायला मान हवा, तसा वधूमायलाही हवा. तिनं तर आपलं लेकरू दिलेलं असतं.

आणि ज्यांच्या घरी मुलाचं लग्न आहे, त्या मैत्रिणींना आमचं खास सांगणं. ‘आम्हाला काही नको’ हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं, चार माणसांत सांगा. पुरुषांनी सांगण्याची वाट बघू नका. ते वाक्य बोलणारी वरमाय साऱ्या मांडवात उठून दिसते. गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला, आणि लग्नकर्जाचा अर्ज आला तर मानपानाचा आकडा वेगळा लिहून घ्या. आकडा डोळ्यांसमोर आला की तो कमी करायचा विचारही सुचतो.