काटा साठ दाखवतो, गाडी किती धावते?

कोलशेतहून कापूरबावडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटार, रिक्षा, स्कूटर, बस असे प्रत्येक वाहन आपल्या काट्याच्या हिशेबाने धावत असते. चालक काट्याकडे पाहतो आणि मनाशी म्हणतो, ‘साठ आहे, ठीक आहे.’ पण स्पीडोमीटर गाडीचा वेग खरोखर मोजतो का? तो मोजतो ते चाकाचे फिरणे. एका फेऱ्यात चाक किती पुढे जाते हे कारखान्यात एकदाच गृहीत धरलेले असते. त्या गृहीतात किंवा यंत्रात फरक पडला की काटा चुकतो.

आधी यंत्र पाहू. जुन्या मोटारींत आणि अनेक दुचाकींत गिअरबॉक्स किंवा पुढच्या चाकापासून एक लवचीक केबल काट्यापर्यंत येते. ही केबल एक छोटे चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अल्युमिनियमची वाटी असते. दोघे एकमेकांना स्पर्श करत नाहीत. चुंबक फिरू लागले की वाटीत भोवऱ्यासारखे वर्तुळाकार विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि चुंबक वाटीला आपल्याबरोबर ओढू लागते. वाटीला जोडलेली केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जितक्या वेगाने फिरेल तितकी ओढ जास्त, म्हणून काटा तितका पुढे. जर्मन अभियंता ओट्टो शुल्झे याने १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले. पुढे वर्षानुवर्षांच्या वापराने चुंबक क्षीण झाले तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग सैल झाली तर जास्त. नव्या गाड्यांत केबलऐवजी संवेदक असतो. तो चाकाच्या किंवा गिअरबॉक्समधील दात्यांच्या फिरण्यातून येणारे विद्युतस्पंद मोजतो. मात्र चाकाचे माप तिथेही गृहीतच असते.

आता टायरचा हिशेब करू. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिमचा व्यास १४ इंच. म्हणजे चाकाचा एकूण व्यास ३५५.६ + (२ × १३२) = ६१९.६ मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते असे धरू. ती झिजून १.६ मिलिमीटर उरली, तर व्यास १२.८ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी घटतो. लहान चाकाला तेवढ्याच अंतरासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो. उलट, कोणी हौसेने १८५/८० आर १४ टायर बसवले तर व्यास ६५१.६ मिलिमीटर होतो, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढतो. आधी बरोबर चालणारा काटा आता ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने धावत असेल.

तीन किलोमीटरने असे काय बिघडते? ब्रेक लावल्यावर गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग ६ मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे समजा. चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ बाजूला ठेवला, तर ताशी ६० ची गाडी २३.१ मीटरमध्ये थांबते आणि ६३ ची २५.५ मीटरमध्ये. ज्या ठिकाणी पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी सुमारे १९ किलोमीटर असतो. (६३ च्या वर्गातून ६० चा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ काढा.) त्या ठिकाणी रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील ३९ क्रमांकाच्या नियमाने चूक एकाच बाजूला होऊ दिली आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवले तर खऱ्या वेगाच्या दहाव्या भागात ४ मिळवून येईल तेवढेच. खरा वेग ६० असताना काटा ६० ते ७० च्या दरम्यान चालेल, ५९ चालणार नाही. नव्या गाडीचा काटा थोडा पुढे दिसतो, त्यामागे बहुधा हीच खबरदारी असते.

आपल्या गाडीचा काटा तपासायचा कसा? अंतर आणि वेळ मोजून. कोलशेत रस्ता गर्दीचा, तो यासाठी उपयोगाचा नाही. माजिवड्यावरून जाणाऱ्या मुंबई–नाशिक महामार्गावर, वाहतूक कमी असताना, सरळ टप्पा निवडावा. चालकाने वेगमर्यादेत राहून काटा ६० वर स्थिर ठेवावा. किलोमीटरचे दगड पाहण्याचे आणि स्टॉपवॉच चालवण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने मुळीच नाही. एका किलोमीटरवर भागवू नये. बटण दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली, तर ६० सेकंदांत ती जवळजवळ १ टक्का होते; पाच किलोमीटरांत तिचा पाचवा हिस्सा उरतो.

समजा, पाच किलोमीटरला ३२० सेकंद लागले. खरा वेग ५ × ३६०० ÷ ३२० = ५६.२५. काटा पावणेचारने पुढे आहे. आता दोष टायरचा की यंत्राचा? इथे ओडोमीटर, म्हणजे अंतराचे आकडे, मदतीला येतात. ते फक्त फेरे मोजतात. चुंबक आणि स्प्रिंगशी त्यांचा संबंध नसतो. त्याच पाच किलोमीटरांत ते ५.१ पुढे सरकले, तर चाकाच्या मापाची चूक २ टक्के. चाकाच्या हिशेबाने वेग ५७.४ येतो. काटा ६० दाखवत होता, म्हणजे उरलेले २.६ काट्याच्या यंत्राचे. अशा गाडीचे ‘अॅव्हरेज’ही फसवे असते: लिटरला १५.३ किलोमीटर वाटले तरी खरे १५ च.

मोबाईलमधील जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून वेग काढते. टायरशी त्याला देणेघेणे नाही. मोकळ्या रस्त्यावर, स्थिर वेगात ते चांगली साक्ष देते. उंच इमारतींच्या मधे किंवा पुलाखाली मात्र त्यावर विसंबू नये.

चूक सापडल्यावर आधी टायरचे माप आणि हवा पाहावी. माप बदललेले असेल तर कंपनीने सांगितलेले टायर लावावेत. काटा जास्त दाखवत असेल तर ४०, ५०, ६० साठी खऱ्या वेगाचा छोटा तक्ता करून जवळ ठेवला तरी भागते. कमी दाखवत असेल तर दुरुस्ती लांबवू नये.

वर्गात हे सायकलवर करून पाहता येईल. मागच्या चाकाला खडूची खूण करा आणि दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजा. आधी सायकल हाताने ढकलत, मग कोणीतरी बसल्यावर, मग थोडी हवा काढून. तिन्ही उत्तरे वेगळी का येतात, हे मुलांनाच सांगू द्या. लोकलने ठाण्याहून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणखी एक अभ्यास देता येईल. रुळांलगतच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचा आकडा आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. आत बसून, खिडकीतून तो आकडा बदलताना पाहायचा, वेळ नोंदवायची आणि मोटरमनचा काटा न पाहता गाडीचा वेग काढायचा.