खोलीच्या मापाने गारव्याच्या यंत्राची निवड

नागपूर शहराच्या पूर्व भागात कळमना येथे कृषि उत्पन्न बाजार समितीचे मोठे मार्केट यार्ड आहे. उन्हाळ्यात मिरची व इतर शेतमाल घेऊन दूरदूरचे शेतकरी येथे येतात. मालाची हिशेबपट्टी झाली व पैसे हाती आले म्हणजे परतीच्या रिकाम्या गाडीतून घराकरिता एखादी उपयोगी वस्तू न्यावी असे साहजिकच वाटते. एप्रिल-मे महिन्यांत ही वस्तू पुष्कळदा कूलर असते. अलीकडे चाकांवर ढकलत नेता येणारे फिरते वातानुकूलन यंत्रही काही जण घेऊ लागले आहेत. परंतु दुकानात यंत्राची उंची व टाकीचा आकार पाहूनच निवड केली जाते. खोलीचे माप मात्र कोणी बरोबर आणलेले नसते. अशा खरेदीत पैसा व वीज वाया जातेच, शिवाय ज्या वृद्धांकरिता व लहान मुलांकरिता यंत्र आणले त्यांना हवा तो गारवा मिळत नाही. दिनांक २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. अशा उन्हाळ्यात गारवा ही चैन नसून प्रकृतिरक्षणाची बाब आहे.

कूलरचे कार्य

माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. ओल्या ताटीतून कोरडी हवा जाताना पाण्याची वाफ होते व त्या वाफेकरिता लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. म्हणून हवा जितकी कोरडी, तितका गारवा अधिक. समजा, मे महिन्यातील दुपारी हवेचे तापमान ४३ अंश व ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाचे २३ अंश आहे. दोहोंतील फरक २० अंशांचा झाला. चांगली ताटी या फरकापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कमी करते, म्हणजे कूलरमधून सुमारे २८ अंशांची हवा येते. पावसाळ्यात तेच दोन आकडे ३२ व २७ असले, तर हवा जेमतेम चार अंशांनी उतरते. कूलर पावसाळ्यात “काम करीत नाही” अशी तक्रार होते, तिचे कारण हे आहे. त्यात यंत्राचा दोष नसतो.

खोली कशी मोजावी

लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीत १,२०० घनफूट हवा असते. यास ३५.३ ने भागले असता सुमारे ३४ घनमीटर येतात. पक्क्या छताच्या व सावलीतील खोलीत दर दोन मिनिटांनी, म्हणजे तासात ३० वेळा, हवा बदलली पाहिजे. म्हणून ताशी सुमारे १,००० घनमीटर हवा देणारा कूलर तेथे पुरतो. खोलीवर टिनाचे छप्पर असेल किंवा भिंतीवर दुपारभर ऊन पडत असेल, तर दर मिनिटाला हवा बदलावी लागते. तेव्हा ताशी २,००० घनमीटरांचा कूलर घ्यावा. हा आकडा यंत्रावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो. ताटी मळली म्हणजे हवा कमी येते, हे लक्षात घेऊन थोडी अधिक क्षमता धरावी.

जेवढी हवा आत येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवावा व समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार किंचित उघडे असावे. ताशी २,००० घनमीटरांच्या कूलरकरिता सुमारे दोन चौरस फूट वाट पुरे. खोली बंद करून कूलर चालविल्यास हवा दमट होऊन जीव घाबरा होतो. हीच चूक सर्वत्र आढळते.

पाण्याचा हिशेब

मे महिन्याच्या दुपारी ताशी २,००० घनमीटरांचा कूलर तासाला सुमारे १४ लिटर पाणी वाफेच्या रूपाने खर्च करतो. आठ तासांत ११० लिटरांहून अधिक पाणी लागते व ५० लिटरांची टाकी चार तासांच्या आतच रिकामी होते. ताशी १,००० घनमीटरांच्या कूलरला याच्या निम्मे पाणी लागते. ज्या घरी पाणी दुरून डोक्यावर आणावे लागते, तेथे मोठा कूलर घेणे म्हणजे घरातील स्त्रियांवर नवे ओझे लादणे होय. त्यापेक्षा छतावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, टिनाखाली दुसरे छत लावावे व ऊन लागणाऱ्या भिंतीवर सावली करावी. अशा खोलीस लहान यंत्र पुरते.

फिरते वातानुकूलन यंत्र

या यंत्राची क्षमता टनांत सांगतात. टन हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ही शक्ती होय. ती ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट असते. १०० ते १२० चौरस फुटांच्या पक्क्या, सावलीतील खोलीकरिता साधारणतः एक टन धरतात. तापलेल्या छताखाली दीड टनही लागतो. तथापि एकाच नळीचे फिरते यंत्र खोलीतील हवा त्या नळीने बाहेर टाकते व तिच्या जागी फटींतून बाहेरची गरम हवा आत येते. म्हणून छापील क्षमतेपेक्षा प्रत्यक्ष लाभ कमी होतो. अशा यंत्राकरिता खोली लहानच निवडावी.

येथे नियम कूलरच्या उलट आहे: दारे-खिडक्या बंद हव्यात. कौलारू घरात फटी असल्यामुळे हे यंत्र व्यर्थ ठरते. विजेचा विचारही करावा. २०० वॅटचा कूलर आठ तासांत सुमारे दीड युनिट वीज घेतो, तर एक टनाचे यंत्र सतत चालल्यास आठ-नऊ युनिट घेते. दुपारी गावात दाब कमी असल्यास ते नीट चालतही नाही. कोरड्या हवेच्या विदर्भात, पाणी उपलब्ध असल्यास, बहुतेक घरांना कूलरच श्रेयस्कर होय. बंद खोलीत चूल किंवा शेगडी मात्र कदापि पेटवू नये. तिच्या विषारी वायूने प्राण जातात.

सावधगिरी

पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून मृत्यू ओढवतात. यंत्रास भूसंधान म्हणजे अर्थिंग अवश्य असावे, वीजगळतीबरोबर प्रवाह तोडणारी कळ बसवावी, आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा. ओल्या हाताने किंवा अनवाणी पायाने यंत्रास स्पर्श करू नये. लहान मुलांना दूर ठेवावे. टाकीतील साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात; म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यापूर्वी गावातील दोन-तीन घरांच्या खोल्या शेतकऱ्यांसमक्ष फुटपट्टीने मोजून वरील हिशेब प्रत्यक्ष करून दाखवावा. खोलीची लांबी, रुंदी, उंची, छपराचा प्रकार आणि रोज मिळणारे पाणी, या पाच गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. कळमन्यास माल घेऊन निघताना ही चिठ्ठी शेतकऱ्याने खिशात ठेवावी व दुकानात प्रथम तीच दाखवावी. वर्षभराच्या श्रमाचे पैसे तेथे खर्च व्हावयाचे असतात; ते टाकीच्या आकारावर न जाता आपल्या खोलीच्या मापावर खर्च व्हावेत.