टेन रागाज टू अ डिस्को बीट

हिंदुस्थानी रागांवर आधारलेली, संपूर्णपणे इलेक्ट्रॉनीय वाद्यांवर वाजविलेली एक दीर्घ ध्वनिमुद्रिका. वादक मुंबईचे चरणजित सिंग (१९४०–२०१५). सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट हे तिचे पूर्ण शीर्षक असून ती १९८२ मध्ये एच्. एम्. व्ही. या मुद्रेने निघाली. तीत भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे राग आहेत.

सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार व कळफलकाची वाद्ये वाजवीत. कुर्बानी (१९८०) या चित्रपटातील लंडनस्थित संगीतकार बिड्डू यांच्या गीतामुळे डिस्को ठेक्याची लाट उसळली होती. सिंग यांनी या ठेक्यावर रागसंगीत वाजविण्याचा प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : मुख्य सुरावटीसाठी ज्यूपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जातील साथीसाठी टीबी-३०३.

यांपैकी टीबी-३०३ हे यंत्र वस्तुतः एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून काढले होते. त्यात सोळा पायऱ्यांचा आकृतिबंध साठवून तो अखंड फिरविता येतो. एक स्वर दुसऱ्यात घसरत नेता येतो. आणि गाळणीची खुंटी फिरविली, की नादाचा पोत मंदपणापासून कर्कशतेपर्यंत पालटतो. बाजारात ते चालले नाही व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे शिकागोतील तरुणांनी ही यंत्रे स्वस्तात मिळवली. त्यांच्यापैकी फ्यूचर या गटाच्या ॲसिड ट्रॅक्स (१९८७) या मुद्रिकेपासून ॲसिड हाउस हा नृत्यसंगीतप्रकार रूढ झाला आणि १९८८ मध्ये तो ब्रिटनमध्ये विलक्षण लोकप्रिय ठरला.

सिंग यांची मुद्रिका याच्या पाच वर्षे आधीची. म्हणून काही पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यांना या प्रकाराचे जनक ठरविले. हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. शिकागोतील वादकांपर्यंत ही मुद्रिका पोहोचल्याचा पुरावा नाही. साम्याचे कारण यंत्रात आणि रागपद्धतीत शोधावे लागते. रागसंगीतात स्वरसंवादांची साखळी नसते, षड्ज अढळ असतो. त्यामुळे एकच आकृतिबंध कितीही वेळ फिरविला तरी तो विसंगत वाटत नाही. शिकागोच्या संगीतातही हाच स्थिर आधार आहे.

रागदृष्ट्या मात्र हा प्रयोग मर्यादितच म्हटला पाहिजे. यंत्राच्या घसरत्या स्वरामुळे मींडेचा आभास होतो. परंतु तोडीतील अतिकोमल गांधार समान अंतराच्या पट्ट्यांवर सापडत नाही, आणि चार मात्रांच्या एकसुरी ठेक्यात समेवर येण्याचा आनंद उरत नाही. कलावती, भूपाली यांसारखे पाच स्वरांचे राग त्या मानाने अधिक खुलले आहेत.

मुद्रिकेचा खप अल्प झाला व ती विस्मृतीत गेली. २००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकास तिची एक प्रत दिल्लीत मिळाली. त्याच्या बॉम्बे कनेक्शन या संस्थेने २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा एखाद्या आधुनिक पाश्चात्त्य संगीतकाराने रचलेली ही थट्टा असावी, असा संशयही व्यक्त झाला. सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांनी याच रागांचे कार्यक्रम युरोपात केले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.