डोळ्यातली रिकामी जागा

कोऱ्या कागदावर एक फुली काढा. तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका द्या. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच टक लावा आणि कागद हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गडप होतो. (नजर ठिपक्याकडे वळली की खेळ फसला, आणि ती वळतेच.)

ठिपका गडप करणारी डोळ्यातली ही जागा फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिओत याने सतराव्या शतकात शोधली. दृष्टिपटलावरचे सुमारे १० लाख मज्जातंतू जिथे एकत्र होऊन मेंदूकडे निघतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू काही किरकोळ नाही: एका ओळीत मांडलेले दहा पूर्णचंद्र त्याच्या रुंदीत सहज मावतील. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

खरी गंमत एक डोळा मिटल्यावरची. तरीही समोर काळं भोक दिसत नाही. आता तोच प्रयोग रेघी वहीच्या पानावर करा. ठिपका नाहीसा होतो आणि त्याच्या जागी रेघा सलग पुढे गेलेल्या दिसतात. तिथून डोळ्याला काहीच कळलेलं नसतं. आजूबाजूचं पाहून मेंदूने ती जागा परस्पर भरलेली असते, तीही आपल्याला पत्ता लागू न देता.

ऑक्टोपसला ही भानगड नाही. त्याचे मज्जातंतू दृष्टिपटलाच्या मागून निघतात, त्यामुळे अंधबिंदूच नाही.