समुद्रतळाचा गाळ

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, हे आपण सारेच बालपणापासून पाहत आलो आहोत. ही माती शेवटी जाते कोठे? तापी-नर्मदेची अरबी समुद्रात, गोदावरी-कृष्णेची बंगालच्या उपसागरात. खडकांच्या झिजेतून आलेल्या या गाळास भूजन्य निक्षेप म्हणतात. त्याचा मोठा भाग किनाऱ्यालगतच साचतो.

किनाऱ्यापासून दूर जैविक निक्षेप आढळतात. पृष्ठभागाजवळ जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे मृत्यूनंतर तळाशी जातात. त्यांपैकी चुन्याची कवचे सुमारे ४ ते ५ किलोमीटर खोलीवर विरघळतात. त्याहून खोल तळावर डायटमसारख्या जीवांचा सिलिकायुक्त गाळ किंवा वाऱ्याने आणलेल्या बारीक धुळीची तांबडी माती उरते. ही माती हजार वर्षांत जेमतेम एक मिलिमीटर साचते. तिच्यात अंतराळातून आलेले धूलिकणही सापडतात.

तिसरा प्रकार पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांपासून घडतो. मँगनीजचे गोटे हे त्याचे उदाहरण होय. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत ते हाती आले. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटरच वाढतात. त्यांच्या शोधासाठी मध्य हिंदी महासागरात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. त्यांत निकेल, तांबे व कोबाल्ट आहे. परंतु ते उपसताना युगानुयुगे साचलेला गाळ ढवळला जाईल आणि त्यातील जीवसृष्टी उद्ध्वस्त होईल. ही किंमत मोजावी काय, याचा निर्णय आज शाळेत शिकणाऱ्या पिढीस करावा लागेल. तो जाणतेपणाने व्हावा, म्हणून या गाळाची ओळख आम्हांस अगत्याची वाटते.